भट्टीकडे पाठ करून

मावशीच्या भट्टीच्या विटा न्यायला आलेला माणूस आमच्याही आधी येऊन बसला होता.

हे बेकरीवाले. स्वभावाने अतिशय सज्जन. येताना एका हातात ताज्या पावांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी घेऊन आले होते. आधी सगळ्यांना पाव वाटले, मग मोजपट्टी उघडून पेटलेल्या भट्टीची लांबी घ्यायला लागले. धगीमुळे जवळ जाता येईना, म्हणून लांबूनच, एक डोळा मिटून. आजारी माणसाला भेटायला जावं, त्याची विचारपूस करावी आणि निघताना त्याचा पलंग किती रुंद आहे ते हळूच पाहून घ्यावं, तसा प्रकार. पण त्यांना बोलायची सोय नव्हती, कारण शब्द मावशीनेच दिला होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. विमा कंपनीतली बरी चाललेली नोकरी सोडून तिने मातीकामाचा कारखाना काढला आणि मागच्या पत्र्याच्या शेडखाली लाकडावर चालणारी भट्टी स्वतःच्या हाताने बांधली. लहानसहान नाही. एखादी बस मातीने लिंपून काढावी, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी तेवढी ठेवावी, पुढे ड्रायव्हरच्या जागी आग लावावी आणि मागच्या टोकाला धुराडं उभं करावं, की झाली मावशीची भट्टी. आत माणूस वाकून चालू शकतो. अर्थात बंद असताना.

या भट्टीने मावशीला याआधी दोनदा तोंडघशी पाडलं होतं. दोन्ही वेळा ती आदल्या रात्रीपर्यंत शहाण्यासारखी तापत गेली आणि शेवटच्या दिवशी, नेमके आम्ही सगळे मदतीला पोचलो की, अडून बसली. हवी तेवढी तापलीच नाही. आतली भांडी अर्धवट भाजून निघाली. झिलई वितळून चकाकण्याऐवजी पिठासारखी अंगाला चिकटून बसलेली. त्यातला एक कप माझ्याकडे आहे. त्यातून चहा प्यायला की ओठ घासून निघतात.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मावशीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आता एकदाच. या वेळी पण नाही झालं तर भट्टी पाडणार, विटा बेकरीवाल्यांना देणार आणि परत विमा कंपनीत जाऊन टेबलामागे बसणार."

आमच्या घरात कोणी काही जाहीर केलं की आम्ही ते फारसं मनावर घेत नाही. मामाने सिगारेट सोडल्याचं तो इतक्यांदा जाहीर करतो की ऐकून आम्हालाच खोकला येतो. पण मावशीचं वेगळं आहे. तिने एकदा जेवताना "लग्न करीन तर त्या दाताच्या डॉक्टरशी" असं म्हटलं होतं, आणि काका आजतागायत आमच्यात आहेत. त्यामुळे बेकरीवाले मोजपट्टी घेऊन बसले होते ते उगाच नाही. भट्टीच्या विटा आगीला दाद न देणाऱ्या, खास. त्यांना बेकरीत नवी भट्टी बांधायला हव्या होत्या.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा रात्रभर लाकडं घालणाऱ्या मावशीच्या दोघी विद्यार्थिनी झोपायला घरी निघाल्या होत्या. "मस्त चढतेय, मावशी, मीटर बाराशे अंशांच्या वर आहे," असं म्हणून त्या गेल्या. मावशी उभ्या-उभ्या डुलत होती. डोळे लाल, एका भुवईचा अर्धा भाग जळून गेलेला, त्यामुळे ती सारखी कशाबद्दल तरी शंका घेतेय असं वाटत होतं.

"झालंच म्हणायचं की मग," आई म्हणाली.

"झालं कधी म्हणायचं ते आत उभा आहे तो ठरवणार," मावशी म्हणाली आणि तिने काळा चष्मा माझ्या हातात देऊन मला झरोक्यातून आत पाहायला लावलं.

झरोका म्हणजे भट्टीच्या अंगाला ठेवलेलं विटेएवढं भोक. आत सगळं पांढरट केशरी होतं, भांडी आणि आग यांच्यात फरकच कळत नव्हता. जरा नजर बसल्यावर बोटभर उंचीचे मातीचे तीन सुळके दिसले. यांना कोन म्हणतात. प्रत्येक कोन ठरावीक आच लागली की मान टाकतो. मीटर खोटं बोलू शकतं, कोन बोलत नाही. पहिला केव्हाच आडवा झालेला होता. दुसऱ्याने किंचित मान वाकवली होती. तिसरा मात्र पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ताठ. हा तिसरा वाकला की भट्टी झाली. नाही वाकला की विमा कंपनी.

मग मावशीने आम्हाला रांगेत उभं करून नियम सांगितला. "एका वेळी प्रत्येकी सरपणाची एक जुडी. ती टाकली की झरोक्यातून जाळ बाहेर येतो. तो आत ओढला जाईपर्यंत थांबायचं. ओढला गेला की पुढची जुडी. एवढंच. कळलं?"

सगळ्यांनी मान डोलावली. मामाने तर कडक सलाम ठोकला. मामा निवृत्त वाहतूक पोलीस आहे आणि निवृत्त होताना त्याने गणवेश परत दिला, शिट्टी दिली नाही. त्याला भट्टीच्या मुखाशी नेमलं, जिथे मुख्य जाळ असतो. डाव्या खिडकीशी आई. उजव्या खिडकीशी काका, आणि झरोक्यावर लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याचकडे, कारण अंधाऱ्या भोकात डोकावून आत काय बिघडलंय ते सांगण्यात त्यांची हयात गेली आहे. पहिल्याच वेळी ते सवयीने भट्टीला "आ करा" म्हणाले.

राहिलो मी. मला घरात गादी म्हणतात. शाळेत असताना एकदा पाहुणे आले आणि आईने "आत गादी आहे, तिच्यावर बसा" म्हटलं, तर ते माझ्यावर बसले आणि मी उठलो नाही, असं सांगतात. मी ते खोडून काढलेलं नाही. त्याला कष्ट पडतात.

"गादी, तू सरपणाच्या ढिगावर बस आणि मागतील तशा जुड्या दे," मावशी म्हणाली. बसून करायचं काम दिल्याबद्दल मी तिचे मनोमन आभार मानले आणि ढिगावर चढलो. लाकडाच्या वखारीतल्या उरलेल्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या जाड, कोरड्या ठणठणीत. वरून अख्खी भट्टी दिसत होती. पुढचं मुख आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या. माझ्याखेरीज कोणालाही त्या एकदम दिसत नव्हत्या.

सुरुवात छान झाली. मामा शिट्टी वाजवायचा, सगळे एकदम जुडी टाकायचे, झरोक्यातून जिभेसारखा जाळ बाहेर यायचा आणि थोड्या वेळाने आत जायचा. मीटरवरचा आकडा चढला. आई म्हणाली, "बघ, आम्ही आलो की कसं होतं."

मग आकडा थांबला.

मग दोनाने उतरला. मग पाचाने. धुराड्यातून काळा कुळकुळीत धूर निघायला लागला आणि भट्टीचा आवाज बदलला. आतापर्यंत ती एकसुरात घोंगावत होती. आता धापा टाकायला लागली. धप्प. धप्प. जेवणानंतर जिना चढणाऱ्या माणसासारखी.

"काय गं, काय होतंय?" आईने विचारलं.

"तेच," मावशी म्हणाली. "तेच जे मागच्या वेळी झालं. आणि त्याच्या आधीच्या वेळी." तिने धुराड्याची लोखंडी झडप थोडी ओढली, खाली वाकून पाहिलं, परत ढकलली. "गुदमरतेय. लाकूड जास्त पडलं की गुदमरते. पण एकच जुडी जातेय ना?"

"एकच!" तिघेही एका सुरात म्हणाले.

बेकरीवाले उठले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "मॅडम, विटांची घाई नाही हं. थंड झाल्यावरच नेतो." मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. ते परत बसले आणि त्यांनी मोजपट्टी मांडीखाली लपवली.

मी ढिगावर पडल्या-पडल्या पाहत होतो. कामात असतो तर दिसलं नसतं.

मामाने शिट्टी वाजवली. नियमाप्रमाणे एक जुडी टाकली. मग रस्ता ओलांडताना पाहतात तसं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि आणखी एक पट्टी आत सरकवली.

डावीकडे आई. तिने एक जुडी टाकली. मग खिडकीतून आत पाहिलं आणि पाहुण्याच्या ताटात त्याने नको-नको म्हणत असताना वाढतात तसं, "एवढीशीच, एवढीशीच," असं भट्टीला सांगत अर्धी जुडी वाढली.

उजवीकडे काका. त्यांनी आधी एक जुडी टाकली, मग आत फट राहिलीय असं वाटून त्या फटीत नेमकी बसेल अशी पट्टी निवडली आणि ती अंगठ्याने दाबून बसवली. मग मागे सरकून कामाकडे समाधानाने पाहिलं.

यावर मावशी फेरी मारत होती. प्रत्येकाजवळ जायची, "शाब्बास" म्हणायची, आणि तो घाम पुसायला वळला की पटकन स्वतःच्या हाताने दोन पट्ट्या टाकायची. तिचा आमच्यापैकी कोणावरच विश्वास नव्हता. तिला वाटत होतं आपण कमी घालतोय.

भट्टीला कोणी उपाशी ठेवत नव्हतं. ती प्रेमाने मरत होती.

मी आधी सरळ मार्गाने गेलो. खाली उतरलो, हे लक्षात घ्या, आणि मामाला म्हणालो, "मामा, तू एक पट्टी जास्त घालतोस."

"मी?" मामा म्हणाला. "नियम मोडून? मी अख्खी नोकरी चौकात उभा राहून काढली! एक मंत्री अडवला होता मी, सिग्नल तोडला म्हणून!" आणि बोलताना त्याच्या डाव्या हाताने एक पट्टी आत टाकली. त्या हाताशी त्याचा काही संबंध नव्हता.

आईकडे गेलो. ती म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिणीची भट्टी आहे, मी कशाला वाकडं करीन तिचं? तू तिकडे झोप बघू."

काका म्हणाले, "एक टाकली असेल. ती पण भावनेच्या भरात."

मग मावशीकडे. "मावशी, सगळे चोरून जास्त घालतायत. तू पण."

"मी बांधलीय ही भट्टी," मावशी म्हणाली. "मला माहितीय तिला काय लागतं ते. गादी, आता डोकं नको खाऊस. बाळा, सरपण दे."

तिने स्वतःच थोड्या वेळापूर्वी रोगाचं नाव सांगितलं होतं. फक्त तो स्वतःच्या हातात आहे असं तिला वाटत नव्हतं. इतर तिघांनाही वाटत नव्हतं. चौघांना वेगवेगळं सांगून मला यश येण्यासारखं नव्हतं, शिवाय इतकं चालल्यामुळे मी दमलो होतो. मी बेकरीवाल्यांशेजारी जाऊन बसलो.

"तुमची भट्टी गुदमरली की तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"सासूबाईंना बाजारात पाठवतो," ते म्हणाले.

"आणि मग?"

"मग काही नाही. निखारे आपोआप जळून बसतात, हवा खेळते, भट्टी ताळ्यावर येते. त्यांना सारखं वाटतं की भट्टी उपाशी आहे."

"आणि त्या नाही गेल्या तर?"

"तर पाव कच्चा," ते म्हणाले आणि भट्टीकडे पाहून त्यांनी उसासा सोडला. विटा मिळणार म्हणून तो होता की पाव आठवून, ते मला कळलं नाही.

या चौघांना बाजारात पाठवणं शक्य नव्हतं. आग लागली असती तरी ते हलले नसते. आग तर लागलेलीच होती. आमच्या घराण्यात चालू काम सोडायला लावणारी गोष्ट जगात एकच आहे. ग्रुप फोटो. माझ्या बहिणीच्या लग्नात आमचा फोटो जमेपर्यंत त्याच सभागृहातल्या पुढच्या लग्नाचे पाहुणे येऊन आमच्या रांगेत उभे राहिले. त्यातले दोघे आजही आमच्या भिंतीवर आहेत. एकाला मामा वाढदिवसाचा फोन करतो.

मी ढिगावर उभा राहिलो. मी उभा राहिलोय म्हटल्यावर सगळे दचकून वळले.

"भट्टी आज जायची असेल," मी म्हणालो, "तर तिच्याबरोबर एक फोटो तरी काढू या. पेटलेली असताना. नंतर विटा बेकरीत जातील, मग काय पावांबरोबर फोटो काढणार?"

आईचे डोळे भरून आले. तिने हातातली जुडी खाली ठेवली. त्या सकाळी भट्टीत न गेलेली तिची पहिली जुडी.

"आत्ता?" मावशी म्हणाली. "वेड लागलंय का तुला? आत्ता?"

"दोन मिनिटं गं," आई म्हणाली.

मावशीने मीटरकडे पाहिलं. आकडा बाराशेच्या खाली गेला होता. तिने हातमोजे काढले, एकमेकांवर आपटले आणि ते जमिनीवर टाकले. मी तिला कधी हात टेकताना पाहिलं नव्हतं. "काढा," ती म्हणाली. "शेवटचा फोटो काढा."

"भट्टीच्या पुढे, तिच्याकडे पाठ करून," मी म्हणालो. "आणि मामा, ही अडगळ फोटोत वाईट दिसतेय." मामाने हाताशी असावं म्हणून भट्टीच्या मुखाखालच्या हवेच्या भोकांसमोर सरपणाचा ढीग रचून ठेवला होता. तो मी स्वतः उचलून बाजूला केला. एका दिवसात दुसऱ्यांदा मी आपणहून काम करत होतो, पण फोटोच्या धांदलीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग सुरू झालं.

"उंच माणसं मागे," मामा म्हणाला आणि शिट्टी वाजवली.

"मागे म्हणजे भट्टीत का?" काका म्हणाले. "पाठ भाजतेय माझी."

"मग दोन पावलं पुढे या ना."

"मी पुढे आलो तर मोठा दिसतो. मागच्या फोटोत माझं डोकं केवढं आलंय बघा."

"ते फोटोमुळे नाही," मावशी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती, पण ही संधी तिला सोडवेना.

आईला पदराला काजळी लागल्याचं दिसलं. ती धुवायला गेली. ती आल्यावर मामाला चहाची तल्लफ आली, पण मामा गेला तर त्याची जागा आई घेईल म्हणून तो गेला नाही. मग मोठं कोण, म्हणजे मधे कोण बसणार, यावरून मामाचं आणि आईचं जुंपलं. मामा आईपेक्षा मोठा आहे, पण आई म्हणे फोटोत तो लहान दिसतो आणि लोकांना गैरसमज होतो.

"दादा, तू केस काळे करतोस ना, मग भोग आता. बाजूला बस."

"मी केस काळे करत नाही. ते काजळीनं झालेत."

"सगळ्या भट्ट्यांना मिळून तेवढी काजळी नाही!"

फोटो काढायला बेकरीवाले. घरातलं कोणी काढायला गेलं असतं तर ते फोटोत नसतं, आणि मग त्यावरून वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यांनी माझा फोन घेतला, उलटा धरला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मी फोटोत बसलेलो असल्यामुळे त्यांच्या खांद्यावरून काही पाहू शकत नव्हतो. ते मात्र आमच्या डोक्यांवरून धुराड्याकडे पाहत होते. एकदा त्यांची नि माझी नजरानजर झाली. त्यांनी भुवया उंचावल्या. मग शांतपणे म्हणाले, "उजवीकडची मंडळी जरा डावीकडे. नाही, नाही. डावीकडची उजवीकडे. हां. आता परत होते तसे."

या माणसाला विटा हव्या होत्या. आणि तो दुसऱ्याच्या भट्टीसाठी वेळ काढत होता, हसू दाबून.

"हसा," ते म्हणाले. आम्ही हसलो. "थांबा, माझं बोट आलं." आम्ही थांबलो. "पुन्हा हसा. मॅडम, तुम्ही नाही हसलात."

मावशीने दात दाखवले. हसणं त्याला म्हणता आलं नसतं, पण दात होते. काका जवळून पाहून "छान" म्हणाले.

आणि त्याच वेळी मावशीचा चेहरा जागीच थिजला. दात तसेच, डोळे मात्र मोठे झाले. मला वाटलं तिला चक्कर येतेय. मग मलाही ऐकू आलं.

मागे भट्टीच्या धापा थांबल्या होत्या. आधी नुसती शांतता. मग बारीक घूं, मग घोंगावणं, मग घशातून निघाल्यासारखा अखंड, भरलेला आवाज, आणि आमच्या पाठींना लागणारी धग एका दमात वाढली.

"कोणी हलायचं नाही," मावशी दातांतल्या दातांत म्हणाली.

"झाला की फोटो," मामा म्हणाला.

"फोटो अजून झालेला नाही! दादा, हात मांडीवर. ताई, हात पदरात. अहो, तुम्ही हात खिशात घाला. दोन्ही. खोल घाला." हसरा चेहरा तसाच ठेवून तिने बेकरीवाल्यांना विचारलं, "धूर?"

"गेला," बेकरीवाले म्हणाले. "पांढरा पण नाही आता. वर नुसता जाळ दिसतोय, मॅडम."

मावशी उठली. आम्हाला सगळ्यांना खांद्यांना धरून तिने एकेकाला जागेवर पक्कं बसवलं, जशी ती कच्ची भांडी फळीवर मांडते. मग मीटरकडे गेली. आकडा बाराशे वीसवर होता आणि चढत होता. एकही पट्टी न घालता. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत उभी राहिली.

"कोण घालत होतं जास्त?" ती न वळता म्हणाली.

मग काकांचा हात खिशातून वर आला. मग आईचा, पदरासकट. मामाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि हात वर केला. शेवटी मावशीने आमच्याकडे पाठ असतानाच स्वतःचा हात वर केला. खाली करून पुन्हा वर केला.

"दोनदा का?" आईने विचारलं.

"मी दोन-दोन घालत होते," मावशी म्हणाली. आणि मग ती हसायला लागली. जळक्या भुवईच्या बाजूने आधी, मग पूर्ण. "मागच्या वेळी पण आपणच. त्याच्या आधी पण आपणच! अगं ताई, मी झडप बदलली, धुराडं वाढवलं, माती बदलली. नातेवाईक बदलायचं तेवढं राहिलं होतं."

त्यानंतर कारभार तिने हातात घेतला. फोटोतली मंडळी फोटोच्याच रांगेत बाकावर बसून राहायची, हा नवा नियम. मामाने शिट्टी वाजवली तर ती जप्त झाली. लाकूड घालणार एकटी मावशी, एकेक पट्टी, भट्टी मागेल तेव्हाच. आणि पट्टी हातात देणार मी.

"गादी, दे," ती म्हणायची. मग मी विचार करायचो. मग हात लांब करायचो. मग ढिगातून एक पट्टी ओढायचो. ती तिच्या हातात पोचेपर्यंत झरोक्यातला जाळ बरोबर आत ओढला गेलेला असायचा.

"अगदी अस्साच," मावशी म्हणायची. "जराही घाई करू नकोस." जन्माला आल्यापासून हे वाक्य मी कोणाच्या तरी तोंडून ऐकण्याची वाट पाहत होतो. बाकावर आई काकांना म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, हा कशाला तरी उपयोगी पडेल?" तिने ते कधीच म्हटलं नव्हतं.

दुपार कलायला लागली. दुसरा कोन आडवा झाला. तिसरा उभाच. मावशी पट्टी घालायची आणि झरोक्याशी यायची, पाहायची, जायची. बाकावरून चौकशा चालल्या होत्या.

"काय म्हणतोय?"

"उभाय."

"आता?"

"उभाय, दादा!"

"मी एकच पट्टी घालू का, बारीकशी?"

"बस खाली!" हे बेकरीवाले ओरडले. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. ते लाल झाले. "म्हणजे, बसा ना," ते म्हणाले.

सरपणाचा ढीग इतका उतरला की बसायला मला जमिनीचाच आधार उरला. एवढ्यात मावशीने काळा चष्मा काकांकडे दिला. "तुम्ही बघा. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही."

काका झरोक्याशी वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. त्यांच्या रुग्णांना या काळात काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"टोक जरा झुकलंय," ते म्हणाले.

बाकावरचे सगळे अर्धवट उठले.

"झुकतंय. वाकलंय. अर्ध्यावर आलं." मग त्यांचा आवाज फुटला. "पडला! अगं, पडला! सपशेल पडला!"

मावशीने त्यांना बाजूला ढकलून पाहिलं. मग आईने पाहिलं, मग मामाने, मग पुन्हा मावशीने. मग तिने बेकरीवाल्यांना हाताला धरून झरोक्याशी नेलं, त्यांच्या डोळ्यांना स्वतः चष्मा लावला आणि आपल्या विटा आतून कशा दिसतात ते दाखवलं. ते वळले तेव्हा मोजपट्टी गुंडाळत होते.

"विटा फार गरम आहेत, मॅडम," ते म्हणाले. "आमच्या काही कामाच्या नाहीत." आणि मामाने त्यांना कडकडून मिठी मारली. आई रडत होती, काका भट्टीच्या भिंतीला लांबून शाबासकी देत होते, आणि मावशी दोन्ही हात वर करून शेडभर नाचत होती. तिला नाचता येत नाही. त्याने काही अडलं नाही.

भट्टी निवायला बरेच दिवस लागतात. त्या दिवसांत मामा रोज येऊन भिंतीला हात लावून जायचा. दार उघडायच्या दिवशी आम्ही सगळे हजर. बेकरीवालेही दुकान बंद ठेवून आले. मावशीने दाराच्या विटा एकेक काढल्या, टॉर्च घेतला आणि वाकून आत गेली. आत गेली ती बोलेचना.

"काय गं?" आई म्हणाली. "काय झालं? बोल ना!"

"रांग करा," आतून आवाज आला. "एकेक बाहेर देते. हातोहात पुढे द्यायचं, शेवटच्यानं टेबलावर ठेवायचं."

आम्ही रांग केली. आतून पहिली बरणी आली. राख तिच्या खांद्यावर वितळून काचेसारखी झाली होती आणि तिथून हिरवट मधासारखे ओघळ अंगावरून खाली येऊन बुडाशी थेंब होऊन थांबले होते. ज्या बाजूने जाळ गेला ती बाजू पिकलेल्या फळासारखी लाल. मामाने ती हातात घेतली आणि तो पुढे देईना. आतून दुसरी आली. ती आईने घेतली, छातीशी धरली आणि तीही देईना. मग एक मोठं ताट आलं, निळसर, मधे राखेचं तळं साचलेलं. काकांनी त्यात डोकावून पाहिलं आणि ते तिथेच राहिले. बेकरीवाल्यांना वाडगा मिळाला. ते त्याच्यावर बोटाने टिचक्या मारून कानाशी धरत होते. भांडं घंटेसारखं वाजत होतं. माझ्या हातात एक सुरई आली. तिच्यासाठी मी कितीही वेळ उभा राहायला तयार होतो.

"पुढे द्या!" आतून मावशी ओरडली. "काय करताय? पुढे द्या!"

कोणी हललं नाही.

शेवटी ती स्वतःच बाहेर आली. केसांत राख, नाकावर राख, दोन्ही काखांत एकेक बरणी, हातांत कपांची चळत. आमच्याकडे पाहत, घ्यायला कोणी तरी हात पुढे करील म्हणून उभी राहिली. आत अजून निम्मी भट्टी भरलेली होती, आणि आमच्यात एकाचेही हात रिकामे नव्हते.